वरण-भात वजा भात

ऑफिसच्या वार्षिक हेल्थ चेक-अपबद्दल माझा एक साधा फंडा होता. सकाळी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, तिथला फुकटचा उपमा खायचा आणि अर्धा दिवस उशिरा ऑफिसात पोचायचं. रिपोर्ट मेलवर येतो. तो उघडायचा नसतो. इतकी वर्षं मी हे व्रत नेमाने पाळलं.

या वर्षी मात्र डॉक्टरांनी स्वतःच बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमचं एचबीएवनसी ६.१ आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काठावर. ५.७च्या खाली नॉर्मल, ६.५ आणि पुढे डायबेटिस. तुम्ही मधल्या गल्लीत आहात."

आता मी एकतीस वर्षांची, वजन छप्पन किलो. कॉलेजातली जीन्स अजून बसते (श्वास रोखून, पण बसते). त्यामुळे पहिली प्रतिक्रिया तीच, जी तुमचीही झाली असती. रिपोर्टांची अदलाबदल झाली असणार! शेजारच्या क्युबिकलमधल्या ढेरपोट्या मित्राचं रक्त माझ्या नावावर गेलं असणार. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "घरात कोणाला आहे?" म्हटलं, "बाबांना. अठरा वर्षं." त्यांनी फक्त मान हलवली.

हे एचबीएवनसी प्रकरण मोठं डांबरट असतं. आदल्या दिवशी उपास करून त्याला गंडवता येत नाही. गेल्या साधारण तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर फिरत होती, त्याचा तो हिशोब. म्हणजे टीमच्या पार्ट्या, रात्रीची कॉफी आणि दर शुक्रवारचा वडापाव, सगळं त्या ६.१मध्ये जमा.

आणि बारीक असण्याचं म्हणाल तर तो गैरसमज आपल्याच पुण्यात मोडीत निघालाय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला काटक आणि आतून लोणी. जीन्स बसते म्हणून खूश व्हायचं काही कारण नाही.

त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसले आणि एका दिवसाचे कार्ब मोजले. सकाळी बशीभर पोहे, ४५ ग्रॅम. तीन वेळचा साखरेचा चहा, ३०. डब्यातल्या तीन पोळ्या, ६५. सोबत बटाट्याची भाजी, २०. संध्याकाळी वडापाव, ४०. रात्री वरण-भात ५५ आणि वर दोन पोळ्या ४५. बेरीज तीनशे! आणि यात मी काहीही 'वाईट' खाल्लं नव्हतं, मंडळी. हे तर सात्त्विक, घरचं, आईच्या हातचं जेवण होतं.

मी काही एकटी नाही. आयसीएमआरच्या 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासाने २०२३मध्ये सांगितलं, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटी ६० लाख माझ्यासारखे मधल्या गल्लीत. त्याच अभ्यासातून २०२५मध्ये आहाराचे आकडे आले. आपल्या उष्मांकांपैकी ६२ टक्के निव्वळ कार्बोहायड्रेटमधून येतात. पोळीला भाताची सोबत, भाताला बटाट्याची. आपलं ताट म्हणजे कार्बचं स्नेहसंमेलन.

मग काय, सोडून द्यायचे कार्ब! त्यात एवढं काय?

ऑफिसात एक कीटोगुरू आहे. त्याने पाच महिन्यांत चौदा किलो उतरवलेत आणि तेव्हापासून तो लिफ्टमध्येसुद्धा लेक्चर देतो. "दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅम कार्ब. बास. बाकी प्रोटीन नि फॅट. सिंपल." तो सकाळी चार अंडी खातो, दुपारी चिकन, रात्री मासे. त्याच्यासाठी सिंपलच आहे हो. मी जन्माने आणि सवयीने शाकाहारी. अंड्याचा केक चालतो, अंडं चालत नाही, अशी आमच्या घराण्याची लॉजिकल भूमिका.

मुळात हे शास्त्र मांसाहाऱ्यांच्या टेबलावरच जन्माला आलं. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या माणसाने पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि त्यावर एक पुस्तिका लिहिली. धंदा काय तर अंत्यविधीची व्यवस्था बघणं! मग १९७२मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्सचं पुस्तक आलं नि पुढे जगभर त्याची लाट आली. दोघांच्याही ताटात मांस होतं. उसळ, वरण, पिठलं यांचा विचार त्यांनी करायचं काही कारणच नव्हतं.

आणि खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. मांसाहाऱ्याच्या प्रोटीनमध्ये कार्ब जवळजवळ नसतात. आपलं प्रोटीन मात्र कार्बला कडेवर घेऊनच येतं. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रोटीन बावीसेक ग्रॅम, पण कार्ब पन्नासच्या वर. हरभरे, मटकी, मूग, सगळ्यांची हीच तऱ्हा. म्हणजे वीस ग्रॅमच्या कीटोत शाकाहारी माणसाला वरणसुद्धा जड जातं. उरतं काय? पनीर, टोफू, चीज, दाणे, बदाम आणि पालेभाज्या.

मी सुरू केलं. पहिल्या दिवशी पनीर भुर्जी. दुसऱ्या दिवशी पनीर टिक्का. तिसऱ्या दिवशी पालक पनीर. चौथ्या दिवशी फ्लॉवर किसून त्याचा 'भात' केला. आईने झाकण उघडून बघितलं नि म्हणाली, "हे कोणासाठी?" आठव्या दिवशी पनीरकडे बघितलं तरी मला त्याचे चौकोन नकोसे वाटायला लागले.

पहिल्या पाच दिवसांत मात्र दोन किलो उतरले! मी सगळ्या ऑफिसला सांगून आले. नंतर कळलं, त्यात चरबी कमी आणि पाणी जास्त होतं. शरीर थोडी साखर ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही जातं. पाण्याबरोबर मीठही जातं. म्हणून तर चौथ्या दिवसापासून माझं डोकं ठणकत होतं, जिना चढताना पाय गळत होते नि क्लायंट कॉलवर मी एकदा स्वतःचंच नाव विसरले. गुरू म्हणाला, "कीटो फ्लू. मिठाचं पाणी पी." पोटाची अवस्था तर विचारूच नका. पोळी, डाळी, फळं सगळी बंद. फायबर येणार कुठून?

तरी मी रेटत होते. कारण घरी एक वेगळीच गंमत चालली होती आणि ती मला आवडायला लागली होती. बाबा रोज माझ्या ताटाकडे बघायचे. "आज काय आहे तुझं?" विचारायचे. मी ऐटीत सांगायची, अमुक एवढे ग्रॅम, तमुक एवढे ग्रॅम. ते चष्मा वर करून ऐकायचे. शेवटी जिच्याशी साखरेबद्दल बोलता येईल, अशी कोणीतरी घरात सापडली होती त्यांना.

पंधराव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मी हिंजवडीत मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला. मी कट केला. परत आला. परत कट केला. आई ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाही, हे तिसऱ्या वेळी डोक्यात शिरलं.

"बाबांना घाम फुटलाय. हात थरथरतायत. काहीतरी भलतंच बोलतायत."

मशीन कुठे ठेवलंय ते मी सांगितलं. आईने बोटाला सुई टोचली. शुगर चोपन्न. सत्तरच्या खाली गेली की धोक्याची घंटा. चोपन्न म्हणजे घंटा केव्हाच वाजून गेली होती. बाबांच्या डॉक्टरांनी पूर्वी सांगून ठेवलं होतं ते आईला आठवलं. बाबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते. तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. ब्याऐंशी. मी तोपर्यंत वाकडच्या सिग्नलला अडकले होते नि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते.

घरी पोचायला दीड तास लागला. बाबा आरामखुर्चीत बसलेले, चेहरा पांढरा पडलेला. आणि मग सगळं बाहेर आलं. गेले चार दिवस बाबांनी पोळी आणि भात बंद केला होता. आईला सांगितलं, भूक नाही. गोळी मात्र रोजच्यासारखी पुरी. ती ग्लिमेपिराइड जातीची. ही गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवला असा किंवा नसा. ताटात कार्ब नाहीत आणि गोळी आपलं काम चोख करतेय, तर साखर खाली जाणारच. यात रॉकेट सायन्स काही नाही. फक्त मला ते माहीत नव्हतं आणि मी घरभर ग्रॅम वाटत फिरत होते.

"अहो बाबा, मला विचारायचं तरी!" मी ओरडलेच.

ते म्हणाले, "अठरा वर्षं एकटाच पथ्य करतोय गं. माझा चहा वेगळा, माझी भाजी वेगळी. आंब्याच्या दिवसांत मी आतल्या खोलीत जाऊन बसतो. तू सुरू केलंस तेव्हा वाटलं, चला, जोडीला कोणीतरी आलं."

यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही बाबांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मला यथेच्छ झापलं. मग जे सांगितलं ते तुम्हीही लिहून ठेवा. ज्यांना इन्शुलिन किंवा ही अशी गोळी चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यायचा आणि मगच ताट बदलायचं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांवर कडक कीटो केलं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं, तोही धोका. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनही मनाने वाढवायचं नाही. पण शेवटी म्हणाले, "कल्पना वाईट नाही. पद्धत वाईट आहे. कार्ब कमी करा, पण दोघं मिळून आणि माझ्या देखत." बाबांची गोळी त्यांनी तिथल्या तिथे निम्मी केली आणि आम्हाला आहारतज्ज्ञ मॅडमकडे धाडलं.

मॅडमनी माझी पनीरगाथा ऐकून घेतली आणि दोन गोष्टी केल्या. आधी कोलेस्टेरॉल तपासायला लावलं. पंधरा-वीस दिवस चीज, लोणी, पनीर एवढाच मारा चालला होता ना; वाईट कोलेस्टेरॉल चांगलंच वर सरकलं होतं. मग सांगितलं, वीस ग्रॅमचा हट्ट सोड. दिवसाला सव्वाशे-एकशे तीस ग्रॅमच्या आत राहिलीस तरी तो लो-कार्बच. शाकाहारी माणसाला एवढ्यात वरण खाता येतं, उसळ खाता येते, माणसात राहता येतं.

हे नुसतं समजुतीचं बोलणं नाही. कॅनडात डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी २००९ साली संपूर्ण वनस्पतिजन्य लो-कार्ब आहाराची चाचणी छापली होती. सोया, गव्हातलं प्रोटीन, दाणे-बदाम, भाज्या; कार्ब फक्त २६ टक्के. लोक होते सत्तेचाळीस, मुदत चार आठवड्यांची. दुसऱ्या गटाला जास्त कार्बचा शाकाहारी आहार. वजन दोन्हीकडे सारखंच, चारेक किलो उतरलं. पण वाईट कोलेस्टेरॉल लो-कार्बवाल्यांचं जास्त घटलं. चाचणी छोटी आहे, मान्य. पण शाकाहाऱ्याने लो-कार्ब करायचं तर भरवसा चीजवर नाही, सोया-दाण्यांवर टाकावा, एवढं त्यातून कळतं. आणि वजनाचंच म्हणाल तर स्टॅनफर्डच्या २०१८च्या चाचणीत सहाशेनऊ लोक वर्षभर एक तर लो-कार्ब किंवा लो-फॅटवर होते. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. जे आपल्याला निभतं, ते खरं.

मग आमच्या ताटात नेमकं काय बदललं?

सकाळचे पोहे गेले आणि मूगडाळीची धिरडी आली, आत किसलेलं पनीर. कधी बेसनाचं पातळ धिरडं. चहा राहिला, साखर गेली. (पहिले दहा दिवस मी दर घोटाला तोंड वाकडं केलं. अकराव्या दिवशी विसरले.) डब्यात तीनऐवजी एकच पोळी आणि भाजी दुप्पट. बटाट्याऐवजी दोडका, वांगं, कोबी, फरसबी, मेथी. सोबत वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ. रात्री सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा किंवा पिठलं किंवा टोफू. या वड्यांना आम्ही इतकी वर्षं नाकं मुरडली, पण शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासेक ग्रॅम प्रोटीन असतं! आपल्या रोजच्या गरजेचा सरकारी आकडा आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम. माझ्या छप्पन किलोंना साधारण शेहेचाळीस. पूर्वी मी त्याच्या आसपासही नसायचे.

आणि चक्का! श्रीखंडाच्या आधी जो असतो तो. त्यात काकडी, जिरेपूड, मीठ, मिरची घालून बघा. संध्याकाळी साडेपाचला वडापावची हाक येते तेव्हा हा चक्का आणि मूठभर भाजलेले दाणे कामाला येतात. कारळ्याची नि जवसाची चटणी तर आपल्याकडे परंपरेने आहेच, उगाच परदेशी बिया ऑनलाइन मागवायची गरज नाही.

दोन दणके मात्र बसले. पहिला भाकरीचा. मी समजत होते, पोळी सोडून ज्वारीची भाकरी खाल्ली की झालं लो-कार्ब. मॅडमनी पीठ वजनकाट्यावर ठेवलं. एका चांगल्या भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे कार्ब पस्तीस-चाळीस. माझ्या दीड पोळीएवढे! भाकरी चांगलीच आहे, पण ती अर्धी खाल्ली तर. 'इंडियाब'च्या २०२५च्या निष्कर्षातही हेच आहे. नुसता भात काढून त्याजागी गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणलं, तर धोका कमी होताना दिसत नाही. कार्बमधल्या थोड्या उष्मांकांच्या जागी डाळी-कडधान्यांचं किंवा दूधदुभत्याचं प्रोटीन आलं, तर दिसतो.

दुसरा दणका उपासाचा. साबुदाण्यात शंभराला अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कार्ब आणि प्रोटीन जवळपास शून्य. आम्ही संकष्टीला देवाच्या नावाने वर्षाचा स्टार्च एका दिवसात खात होतो. आता चतुर्थीला दाण्याची आमटी, सुरणाच्या चार फोडी, काकडीची कोशिंबीर, दही. आईने हे बाप्पाला विचारून मान्य केलं, असं ती सांगते.

तीन महिने झाले. माझं एचबीएवनसी ५.८. म्हणजे गल्ली तीच, पण आता तोंड बाहेरच्या बाजूला आहे. बाबांचं ८.२चं ७.३ झालं, तेही निम्म्या गोळीवर. लग्नाच्या पंगतीत मी दोनदा घसरले, एकदा जिलेबीवर, एकदा मसालेभातावर. दुसऱ्या दिवशी परत आपली धिरडी. कीटोगुरूने परवा लिफ्टमध्ये विचारलं, "मग, किती उतरलं?" म्हटलं, "तीन किलो." तो म्हणाला, "एवढंच?" मी सतराव्या मजल्यापर्यंत हसत होते.

रविवारी आमच्याकडे भात असतो. लहान वाटीने पाडलेली एकच मूद, त्यावर वरण, तूप, लिंबू. बाबांना एक, मला एक. आधी कोशिंबीर आणि भाजी संपवायची, मूद सगळ्यात शेवटी. बाबा तो भात पाच मिनिटं पुरवतात. कोणी आतल्या खोलीत जाऊन बसत नाही.

गेल्या रविवारी वाढताना आईने स्वतःलाही त्याच वाटीने मूद घेतली. मी सहज विचारलं, "आई, तू तुझी शुगर शेवटची कधी तपासलीस?"

ती वरण वाढत राहिली. मग म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

बाबांनी नि मी एकमेकांकडे बघितलं. बासष्ट वर्षांची बाई. अठरा वर्षं एकाचं पथ्य, तीन महिने दुसरीचं. मागे उरलेल्या पोळ्या, उरलेला भात, उरलेला आंबा कोण संपवत होतं, हा प्रश्न आम्हाला दोघांनाही कधी पडला नव्हता.

उद्या सकाळी साडेसातची अपॉइंटमेंट घेतलीय. आत्ता हे लिहिताना ती तिसऱ्यांदा दारात येऊन उभी आहे.

"उपाशीपोटी म्हणजे अगदी चहापण नाही?"